दुसरी वाट कुठून जाते?

"बाबा, डब्यावर लाल दिवा!"

पावसाळ्यात आमच्या घरी ही हाक आठवड्यातून एकदा तरी येते. मुलगी पुण्यातल्या कंपनीचं काम अलिबाग तालुक्यातल्या या घरात बसून करते. फायबर इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा लागला की ती लॅपटॉप मिटते आणि मी लाइनमनला फोन लावतो. उत्तर बहुतेक ठरलेलं: "काका, वरच्या वळणावर जेसीबीनं लाइन तोडलीय. पाऊस जरा थांबला की जॉइंट मारतो. संध्याकाळ होईल."

त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. जॉइंट मारणं म्हणजे काय, हे मी एकदा त्याच्यामागे छत्री धरून उभा राहून पाहिलं आहे. वरची आवरणं सोलायची, आतली काच स्पिरिटनं पुसायची, टोक अगदी सरळ कापायचं आणि दोन्ही टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीनं वितळवून जोडायची. काचेचा तंतू १२५ मायक्रॉनचा, म्हणजे जाड केसाएवढा. प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. दोन गाभे नेमके समोरासमोर आले नाहीत तर जोड दिसायला पक्का असतो, पण प्रकाश तिथेच गळतो. हे सगळं चिखलात आणि वाऱ्यात करायचं. संध्याकाळ होणारच.

मग संध्याकाळपर्यंत काय करायचं? फोनचा हॉटस्पॉट लावून वेळ मारून नेणं आपण सगळेच करतो. या प्रकरणात त्याच्या पुढची पायरी पाहू: लाइन तुटली की घर आपोआप मोबाइलच्या जाळ्यावर जाईल आणि लाइन जोडली की परत येईल, अशी कायमची व्यवस्था. तिला सामान फार लागत नाही. विचार मात्र लागतो, आणि तो दुकानात जाण्याआधी करायचा असतो.

तो विचार मला पाण्यानं शिकवला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगानं वाहत होता. आमच्याकडे पाण्याच्या दोन सोयी आहेत असं आम्ही तोवर समजत होतो, ग्रामपंचायतीचा नळ आणि अंगणातली विहीर. विजेचे खांब आडवे झाले आणि दोन्ही बंद पडल्या. पंचायतीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप विजेवर, आमच्या विहिरीवरचा पंपही विजेवर. सोयी दोन होत्या, पण दोन्ही एकाच खुंटीला टांगलेल्या. शेवटी माळ्यावर पडलेली कप्पी आणि दोर खाली काढला आणि पुढचे कित्येक दिवस पोहऱ्यानं पाणी शेंदलं.

इंटरनेटचंही नेमकं असंच आहे. मोबाइलचं नेट हवेतून येतं असं आपण म्हणतो, पण हवेतून येतं ते घरापासून टॉवरपर्यंतच, बहुधा किलोमीटर-दोन किलोमीटर. टॉवरपासून पुढे त्याचाही प्रवास पुष्कळ ठिकाणी काचेच्या तंतूतूनच होतो, आणि तो तंतू गावात यायला रस्ता एकच असतो. वरच्या वळणावरच्या जेसीबीनं एका चरातल्या दोन्ही केबल ओरबाडल्या, तर घरचा लाल दिवा लागतो आणि फोनवर रेंजच्या चारही दांड्या असून पान उघडत नाही. पुष्कळ लोक अशा वेळी फोनला दोष देतात. फोन ठीक असतो, टॉवरही ठीक असतो. टॉवरच्या मागची वाट तुटलेली असते.

म्हणून आधी दोन्ही वाटा डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. घराच्या डब्यातून निघालेली तार खांबाखांबावरून जिथे जाते, तिथे एका पेटीत स्प्लिटर असतो. मागून आलेल्या एका तंतूतला प्रकाश तो ३२ किंवा ६४ घरांत वाटतो, आणि सुमारे अडीच गिगाबिटचा प्रवाह ही सगळी घरं मिळून वापरतात. स्प्लिटरला वीज लागत नाही, हा फायबरचा मोठा गुण. वीज लागते ती दोन टोकांना, आपल्या घरातल्या डब्याला आणि ऑपरेटरच्या खोलीतल्या यंत्राला. ती खोली कुठे आहे आणि तिथे बॅटरी किती तास टिकते, हे लाइनमनला विचारावं. तो सांगतो. त्याच्या कामाबद्दल कुणी आस्थेनं विचारलं की त्याला बरंच वाटतं.

मग टॉवर पाहावा. वरच्या उभ्या लांबट पट्ट्या फोनशी बोलणाऱ्या. ढोलासारखी गोल तबकडी दिसली, तर तो टॉवर मायक्रोवेव्ह लहरींनी दुसऱ्या टॉवरशी जोडलेला असण्याची शक्यता आहे, म्हणजे त्याची वाट आपल्या रस्त्याखालून जात नसेल. अशी तबकडी असलेला टॉवर मला पर्यायासाठी जास्त विश्वासाचा वाटतो, मग त्याचा वेग थोडा कमी का असेना. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. भारतात टॉवर भाड्यानं देणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत आणि एकाच टॉवरवर दोन-तीन मोबाइल कंपन्यांच्या पट्ट्या लटकतात. सिम वेगळ्या कंपनीचं घेतलं तरी लोखंड तेच, बॅटरी तीच, डिझेल जनरेटर तोच. आणि २०२३पासून घरोघरी आलेली एअरफायबरची जोडणी ज्यांनी घेतली आहे, त्यांची तर मुख्य वाटच टॉवरवरून येते. त्यांनी पर्याय म्हणून त्याच कंपनीचं सिम घेतलं तर ती एकाच वाटेवर दोनदा चालण्याची तयारी झाली.

कागदावर हे सगळं कळत नाही. कळतं ते नोंदीतून. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी दोन पावसाळे खुणा केल्या. लाइन गेली की तारीख, वेळ आणि त्या क्षणी घरातल्या तीन फोनांपैकी कोणत्या कंपनीचं नेट चालू होतं. दुसऱ्या सप्टेंबरपर्यंत चित्र स्वच्छ झालं. जिची रेंज घरात सर्वांत चांगली, त्याच कंपनीचं नेट लाइनबरोबर हटकून जात होतं. रेंजच्या दोनच दांड्या दाखवणारी दुसरी कंपनी मात्र बहुतेक वेळा उभी होती. पर्यायासाठी सिम तिचं घेतलं. वेगाच्या चाचणीवर विसंबलो असतो तर नेमकं चुकीचं घेतलं असतं.

आता दोन दांड्यांचं काय करायचं ते पाहू. दांड्या हे रेंजचं फार ढोबळ माप आहे आणि प्रत्येक फोन त्या आपल्या मनानं दाखवतो. खरं माप डेसिबलमध्ये असतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीची माहिती उघडली की उणे ९५, उणे १०८ असे आकडे दिसतात. उणे ८५च्या आसपास उत्तम, उणे १००पर्यंत काम चालतं, उणे ११०च्या खाली ओढाताण. या मोजपट्टीत १० अंकांचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक, आणि २० अंकांचा म्हणजे शंभरपट. म्हणून राउटर ठेवण्याआधी फोन हातात घेऊन घरभर हिंडावं, प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबून आकडा वाचावा. आमच्या माजघरात, जांभ्याच्या जाड भिंतीआड, उणे ११४ होतं. माडीच्या खिडकीत, टॉवरच्या दिशेला, उणे ९४. वीस अंक, म्हणजे त्याच घरात शंभरपट शक्ती, फक्त एक जिना चढून. वर पत्रा असेल तर मात्र माडीचा हा फायदा उलटू शकतो, कारण धातू लहरींना आरपार जाऊ देत नाही. अशा घरात पडवीतली खिडकी बरी.

लहरींचा पट्टाही महत्त्वाचा. भारतात ४जी सेवा मुख्यतः ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झपासून २३०० आणि २५००पर्यंत वेगवेगळ्या पट्ट्यांत चालते, आणि ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या जवळ आहे. कमी आकड्याच्या लहरी लांब जातात आणि भिंती भेदतात, मोठ्या आकड्याच्या वेगवान पण नाजूक. त्यामुळे पर्यायासाठी ५जीचा महाग राउटर घेण्याची गावाकडे तरी घाई करू नये. चांगला ४जी राउटर पुरतो. अमेरिकेतल्या भावानं किंवा मुलानं प्रेमानं आणून दिलेला राउटर वापरण्याआधी त्याची पट्ट्यांची यादी वाचा. २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला बँड ४० म्हणतात, तिकडे ४जीसाठी प्रचारात नाही आणि तिकडच्या यंत्रांत तो कित्येकदा नसतो.

खिडकीतही आकडा उणे ११०च्या खालीच राहिला तर बाहेर अँटेना लावता येतो. राउटरला अँटेनाच्या दोन खोबण्या असतात आणि दोन्ही वापराव्या लागतात, कारण ४जी दोन धारांनी डेटा आणतं. मधली केबल जितकी लांब तितकी रेंज केबलीतच जिरते, तेव्हा अँटेना दूर नेण्यापेक्षा राउटरच उचलून अँटेनाजवळ ठेवावा. बाजारात सिग्नल बूस्टर म्हणून मिळणारी यंत्रं मात्र घेऊ नका. परवानगीशिवाय ती लावणं भारतात बेकायदा आहे, आणि त्यांच्या गोंगाटानं टॉवरला शेजाऱ्यांचेच फोन ऐकू येईनासे होतात.

राउटर आणला, सिम घातलं, फायबरच्या डब्याची तार त्याच्या पाठीमागच्या खोबणीत लावली. दोन्ही वाटा एका यंत्रात आल्या. मी इतकं केलं आणि निर्धास्त झालो. पुढच्या आठवड्यात लाइन तुटली आणि घर ठप्प! सिम चालू, रेंज बरी, तरी राउटर मोबाइलवर जाईना. कारण समजायला मला दुपार लागली. जेसीबीनं तोडला होता दोन किलोमीटरवरचा तंतू. घरातला डबा आणि राउटर यांच्यातली हातभर तार शाबूत होती, डब्याला वीज होती, त्यामुळे राउटरच्या दृष्टीनं मुख्य वाट जिवंतच होती. दारापर्यंतचा रस्ता चांगला आहे, म्हणून तो पुढचा पूल वाहून गेल्याचं मानायला तयार नव्हता.

यावर उपाय असा की राउटरनं दाराकडे न पाहता पलीकडच्या गावाला हाक मारावी. दर काही सेकंदांनी तो इंटरनेटवरच्या एखाद्या पक्क्या ठिकाणाला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ या पत्त्याला, छोटासा संदेश पाठवतो. लागोपाठ तीन-चार हाकांना ओ आली नाही तर मुख्य वाट मेली असं समजून सिमकडे वळतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ही तपासणी वेगळी चालू करावी लागते, आणि स्वस्त राउटरांत ती कधी कधी नसतेच. विकत घेताना वेगाच्या आकड्यांआधी हे विचारा. पत्ते दोन द्यावेत आणि दोन्ही गप्प राहिले तरच वाट बदलावी, नाहीतर पलीकडचा एक सर्व्हर आजारी पडला म्हणून आपण विनाकारण सिमवर जाऊ.

परतीचा नियम तितकाच विचारपूर्वक ठरवावा. ओला जोड असला की लाइन मिनिटभर येते, मिनिटभर जाते. राउटर प्रत्येक वेळी तिच्यामागे धावला तर घरातलं एकही काम धड होत नाही, कारण वाट बदलली की आपला इंटरनेटवरचा पत्ता बदलतो आणि चालू असलेले सगळे संवाद तुटतात. व्हिडिओ कॉल काही क्षण गोठतो आणि परत जुळतो, बँकेचं पान मात्र पुन्हा लॉगिन मागतं. मी परतीसाठी पाच मिनिटं ठेवली आहेत. लाइन सलग पाच मिनिटं ठणठणीत राहिली, तरच परत.

डेटाचा हिशेब रोकड्यासारखा ठेवावा लागतो. रोज दीड-दोन जीबी मिळतील अशी योजना सिमवर असेल तर तिचा जीव छोटा असतो. चांगल्या प्रतीचं एच-डी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं, मोठ्या टीव्हीवरचं ४के ७ जीबीपर्यंत. एक तासाची व्हिडिओ मीटिंग साधारण एक जीबीच्या पुढेमागे. म्हणजे लाइन तुटल्यावर कुणी हॉलमध्ये मालिका चालूच ठेवली, तर मुलीची मीटिंग सुरू होण्याआधीच दिवसाचा वाटा संपतो. मर्यादा संपली की वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. चार एमबीचा एक फोटो पाठवायला आठ मिनिटांहून जास्त वेळ. म्हणून टीव्ही आणि कॅमेरे वेगळ्या वायफाय नावावर ठेवावेत आणि सिमवर असताना ते नाव बंद राहील असं करावं. विंडोजच्या लॅपटॉपवर जोडणी 'मीटर्ड' अशी नोंदवली तर मोठे अपडेट थांबतात. फोनांना फोटोंचा साठा वर चढवण्याची सवय असते, तीही आवरावी. आम्ही शेवटी रोजच्या मर्यादेऐवजी एकगठ्ठा डेटा देणारी योजना घेतली. पर्यायाची गरज रोज थोडी नसते, महिन्यातून दोन दिवस भरपूर असते.

सिमची निगाही राखावी लागते. महिनोन्महिने न वापरलेलं सिम बंद होतं आणि रिचार्ज संपल्याचे संदेश राउटरच्या पोटात पडून राहतात, कारण त्याला पडदा नसतो. राउटरच्या सेटिंगच्या पानात संदेशांची पेटी असते, ती अधूनमधून उघडावी. बँकेला दिलेला नंबर या सिमचा असता कामा नये. ओटीपी माडीवरच्या खिडकीत येईल आणि तुम्ही दुकानात उभे असाल.

आणि वीज. कोकणात लाइन आणि लाइट पुष्कळदा हातात हात घालून जातात. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि मिळून १५ वॉटच्या आसपास घेतात, त्यामुळे छोटा डीसी यूपीएस पुरतो. पण त्याच्या खोक्यावरचा आकडा नीट वाचा. दहा हजार एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप, म्हणजे ३७ वॉट-तास. व्होल्टेज चढवण्यातली गळती धरली तर हाती ३० येतात. पंधरा वॉटच्या ओझ्याला दोन तास. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी दोन्ही डबे त्याच्या सर्किटवर घ्यावेत आणि लाइट जाते त्या क्षणी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो का ते पाहावं. होत असेल तर इन्व्हर्टर यूपीएसच्या सेटिंगवर ठेवावा, तिथे वाट बदलायला त्याला फार कमी वेळ लागतो. जुना फोन कायम चार्जरला लावून हॉटस्पॉट म्हणून ठेवायचा मोह अनेकांना होतो. माझा सल्ला नको असाच आहे. सतत चार्जिंगवर आणि उन्हाच्या खिडकीत त्याची बॅटरी फुगते, आणि फुगलेली लिथियम बॅटरी घरात ठेवण्याची वस्तू नाही.

एक अडचण सेटिंगनं सुटत नाही. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मिळून एक बाहेरचा पत्ता देतात. राउटरवर १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला की समजावं, आपण अशा सामायिक पत्त्याआड आहोत. आतून बाहेर जाणारं सगळं काम चालतं, पण बाहेरून थेट घराच्या पत्त्यावर येणारं काहीच आत पोचत नाही. मुंबईत बसून गावच्या घराचे कॅमेरे पाहणारे चाकरमानी इथे अडतात. कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत ॲपवर दिसत असेल तर तो सिमवरही दिसेल. राउटरमध्ये खास दार उघडून पाहत असाल तर लाइन तुटताच पडदा काळा होईल, आणि घर सुरक्षित असूनही तुमची रात्र वाईट जाईल.

इतकं करूनही काही प्रसंगी ही वाट कामाची नाही, हेही सांगायला हवं. सगळ्या आळीची लाइन एकदम जाते तेव्हा सगळी आळी एकाच टॉवरवर लोटते आणि वेग मंदावतो. सरकारी आदेशानं इंटरनेट बंद होतं तेव्हा बहुधा आधी मोबाइलचंच होतं. आणि निसर्गसारख्या वादळात किंवा २२ जुलै २०२१ला चिपळूणनं पाहिलेल्या पुरासारख्या संकटात खांब, टॉवर आणि वीज एकदमच जातात. त्या दिवसांसाठी महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवलेले असावेत. ज्याच्या औषधोपचाराचं काम इंटरनेटवर अवलंबून आहे त्यानं एकट्या या व्यवस्थेवर भिस्त ठेवू नये.

पण वर्षातल्या बाकीच्या तुटण्यांना, जेसीबी, माडाची झावळी, खांबावरचं माकड आणि ओला जोड या सगळ्यांना, ती पुरून उरते. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात लाल दिवा अनेकदा लागला. मुलीला त्यातले बहुतेक कळलेही नाहीत.

तुम्ही व्यवस्था केली असेल किंवा आज-उद्या करणार असाल, तर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक काम नक्की करा. घरातले सगळे आपापल्या कामात असताना, कुणाला न सांगता, फायबरची पिवळी तार डब्यातून हलकेच काढा. राउटर आणि डब्यामधली तार काढू नका, ती काढून खरी परीक्षा होत नाही. मग घड्याळ लावून अर्धा तास थांबा. किती सेकंदांनी नेट परत आलं, काय चाललं, काय अडलं, हे कालनिर्णयावर लिहा. काढलेलं टोक बोटानं पुसू नका, टोपण लावून ठेवा. त्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कणही पुरे होतो.